वयाच्या चौकटीतला कर्सर

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. सव्वीस वर्षांच्या संसारात लपवण्यासारखं उरतं तरी काय? पण एक गोष्ट तिला माहीत नाही. माझ्या भावाला नाही, कामावरच्या कोणाला नाही, आणि जिच्या वाट्याला ती गोष्ट आली तिला तर मुळीच नाही. आठ वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतोय. समोर बसून सांगता आलं नसतं, म्हणून लिहून.

आधी एवढं कळू दे की मी बेफिकीर माणूस नाही. मुलुंड पूर्वेला आमचं घर आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. गॅसचा प्रत्येक सिलिंडर किती दिवस चालला ते मी त्यावर लिहितो. सोसायटीच्या टाकीत पाणी सकाळी किती वाजता येतं आणि किती मिनिटं येतं, ह्याची माझ्याकडे वही आहे. शेजारी हसतात. पाण्यावरून भांडण पेटलं की मात्र तीच वही मागायला माझ्या दारात येतात. दळवींनी आकडा सांगितला म्हणजे तो बरोबर, असं आमच्या बिल्डिंगमध्ये म्हणतात — आणि ते खरं आहे. आता जे सांगणार आहे त्यातलेही आकडे बरोबर आहेत. निष्काळजी माणसाच्या हातून चूक होते, तशी माझ्या हातून झाली असती तर मी ती केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. माझं जे झालं ते नीट बघून, मोजून झालं.

मी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम बघायचो. लॅब एका डॉक्टरबाईंची होती. मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि घाटकोपर अशी रक्त घ्यायची चार केंद्रं. पेशंट आला की काउंटरवरची बाई कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरायची — मोबाइल नंबर, नाव, वय, कोणत्या तपासण्या. तो फॉर्म मी बनवला होता. सगळी केंद्रं तोच वापरायची.

अशा फॉर्ममध्ये चौकटी असतात, तुम्हीही रोज बघता. ज्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत असते तिथेच तुमचं अक्षर उमटतं. त्या रेघेला कर्सर म्हणतात. ती नसेल त्या चौकटीत तुम्ही कितीही बटणं बडवा, काही उमटत नाही. रेघ कुठे न्यायची ते माणूस ठरवतो, माऊसने किंवा टॅबचं बटण दाबून. पण फॉर्म बनवणाराही ते ठरवू शकतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली की रेघ आपोआप हव्या त्या चौकटीत जाऊन उभी राहते. वापरणाऱ्याला कळतही नाही की तिला कोणी तिथे नेलंय. एका ओळीचं काम. मी तशी एक ओळ लिहिली.

विक्रोळीच्या काउंटरवर परबबाई होत्या. उज्ज्वला परब. मूळ मालवणकडच्या, वडील विक्रोळीच्याच एका कारखान्यात होते, त्या तिथल्या चाळीत वाढलेल्या. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी त्यांना परबबाई म्हणायचो, त्या मला नुसतं दळवी. टायपिंगच्या मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा त्यांनी जुन्या मशीनवर दिल्या होत्या, आणि बोटांना ते वळण कायमचं राहिलं होतं. त्यांचं काम बघत उभं राहावंसं वाटायचं. डॉक्टरांची चिठ्ठी डाव्या हाताला, डोळे चिठ्ठीवर नाहीतर पेशंटच्या तोंडाकडे — पडद्याकडे कधीच नाही. फॉर्ममधल्या चौकटी त्या बघायच्या नाहीत, मोजायच्या. मोबाइल नंबर, टॅब, नाव, टॅब, वय. पेशंट जुना असेल तर नाव आधीपासून नोंदलेलं असायचं, मग दोनदा टॅब आणि थेट वय. वय मात्र दर वेळी नव्याने विचारावं लागतं, कारण ते बदलतं.

आणि हे सगळं चालू असताना तोंडही चालू.

"काय ओ आजी, उपाशी आलात ना? की वाटेत चहा मारलात?"

"अर्धाच कप घेतला गं."

"मग रिपोर्टपण अर्धाच मिळेल. उद्या या, नुसतं पाणी पिऊन."

आजी हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच पाण्यावर यायच्या. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. जुन्या पेशंटची नोंद परबबाई अकरा सेकंदांत करायच्या. बाकीच्या केंद्रांवर तेच काम पंचवीस ते तीस सेकंद घ्यायचं. चारही केंद्रांत त्यांच्यासारखं कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं — माझ्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नव्हतं.

आता त्या ओळीबद्दल.

घाटकोपरच्या काउंटरवरची मुलगी तक्रार करायची. "सर, एका हातात चिठ्ठी, एका हातात माऊस, मग टाइप कोण करणार?" तिला टॅबची सवय नव्हती. नंबर टाकायचा, मग माऊस शोधायचा, वयाच्या चौकटीत क्लिक करायचं, मग वय. डॉक्टरबाई म्हणाल्या, ह्यांचं काहीतरी करा. मी केलं. मोबाइल नंबर टाकला की प्रोग्रॅम जुन्या नोंदींत शोधायचा. सापडला की नाव आपोआप भरायचा. आणि मग कर्सर स्वतःच वयाच्या चौकटीत नेऊन ठेवायचा. शिवाय मी आणखी एक हुशारी केली. त्या चौकटीत चुकून आधीच्या पेशंटचं वय राहिलं असेल, तर ते निळं होऊन निवडलं जायचं, म्हणजे नवीन आकडा टाइप करताच जुना पुसला जाईल. छान होतं ना? घाटकोपरची मुलगी खूश झाली. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्याला म्हणतात विचार करून केलेलं काम." बोरिवली आणि अंधेरीला नवी केंद्रं उघडायची होती, आणि तिथली सगळी कॉम्प्युटरची व्यवस्था माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात होतं. मला ते माहीत होतं.

चारही केंद्रांवर ते लावण्याआधी मी चाळीस वेळा तपासून बघितलं. चाळीसच्या चाळीस वेळा बरोबर. मी प्रत्येक वेळ वहीत टिपली होती. पण तपासलं कोणाच्या बोटांनी? माझ्या. मी दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. नंबर टाकून मी थांबायचो, रेघ वयात जाऊन लुकलुकायला लागली की मग आकडा दाबायचो. परबबाई थांबत नाहीत हे मला माहीत असून त्यांना बोलावून त्यांच्या हाताने एकदाही तपासलं नाही. ही चूक होती. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही. अशी चूक कोणाच्याही हातून होते.

दीड महिन्याने भांडुपहून एक गृहस्थ विक्रोळीच्या काउंटरवर आले. हातात वडिलांचा रिपोर्ट. वडील दर तीन महिन्यांनी परबबाईंकडेच रक्त द्यायचे. ह्या वेळी किडनीच्या तपासणीचा आकडा ठळक अक्षरात छापून आला होता, म्हणजे मर्यादेबाहेर. घरात तीन दिवस रडारड. वडिलांनी जेवणातलं मीठ सोडलं, औषधांचे कागद मुलासमोर मांडले, कोणाकोणाला भेटून घ्यायचं ते ठरवायला लागले. मग त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट नीट वाचला.

"माझे वडील आठ वर्षांचे आहेत का हो?" तो काउंटरवर कागद ठेवून म्हणाला. "बघा ना इथे. वय आठ. माझा मुलगा अकरावीत आहे. म्हणजे आजोबा नातवाच्या मागे सात-आठ वर्षं."

रांगेतले लोक हसले. तो हसला नाही. वडील अडुसष्टचे होते. रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम वयावरून मर्यादा ठरवतो, आणि लहान मुलांची मर्यादा मोठ्यांपेक्षा बरीच खाली असते. अडुसष्टच्या माणसाचं अगदी नॉर्मल रक्त आठ वर्षांच्या पोराच्या मापाने मोजलं गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी मला यादी काढायला सांगितली — गेल्या दीड महिन्यात कुठल्या जुन्या पेशंटचं वय चुकीचं पडलंय. ती मी काढली. चौतीस नोंदी निघाल्या. त्यातल्या एकोणतीस परबबाईंच्या लॉगिनमधून.

आणि यादी समोर आल्यावर पाच मिनिटांत मला सगळं कळलं.

मी आकड्यांचा माणूस आहे; मला कळणारच होतं. माणसाचं बोट चुकतं तेव्हा ते कसंही चुकतं — अडुसष्टचे शहाऐंशी होतात, अठ्ठावन्न होतात, अडुसष्टच्या जागी सदुसष्ट पडतात. इथे तसं एकही नव्हतं. त्रेसष्टचे तीन. एकाहत्तरचा एक. पंचावन्नचे पाच. चौतीसच्या चौतीस नोंदींत शेवटचा आकडा बरोबर आणि पहिला गायब. माणूस इतक्या शिस्तीने चुकत नाही. मी फॉर्म उघडला, नंबर टाकला आणि जमेल तितक्या घाईने दोनदा टॅब दाबून वय मारलं. सहा वेळा काही झालं नाही. सातव्या वेळी झालं. प्रोग्रॅमला जुनी नोंद शोधायला साधारण एक सेकंद लागायचा. तेवढ्यात वेगवान हात वयाच्या चौकटीत पोहोचून पहिला आकडा मारून मोकळा झालेला असायचा. मग कधीकधी माझी ओळ नेमकी दोन आकड्यांच्या मध्ये तिथे पोहोचायची, अडुसष्टमधला सहा निळा करायची, आणि पुढचा आठ त्या सहाला पुसून टाकायचा. राहायचा आठ. पडद्याकडे बघणाऱ्याला ते दिसलं असतं. पण परबबाई बघत नव्हत्या. त्यांना बघायची गरजच कधी पडली नव्हती.

म्हणजे लक्षात घ्या — जी बाई सगळ्यात चांगलं काम करत होती तिच्याच हातून सगळ्यात जास्त चुका पडत होत्या, आणि त्या चांगल्या कामामुळेच पडत होत्या. घाटकोपरच्या मुलीच्या नावावर एकही नव्हती.

आता मी काय करायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

मी यादी छापायला घेतली. तिच्यात सहा रकाने होते: तारीख, केंद्र, लॉगिन, पेशंटचं नाव, पडलेलं वय, खरं वय. शेवटचे दोन रकाने शेजारीशेजारी ठेवले असते तर कोणीही — डॉक्टरबाई तर नक्कीच — दोन मिनिटांत विचारलं असतं की पहिलाच आकडा कसा काय उडतो प्रत्येक वेळी? मी सहावा रकाना काढून टाकला. पाचच छापले. नजरचुकीने नाही. काढला, आणि कागद दिसायला बरोबर बसावा म्हणून बाकीचे पाच रुंद केले.

डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. त्या, परबबाई आणि मी. कागदावर ओळीने दोन, आठ, पाच, एक असली वयं, आणि बहुतेक ओळींत एकच लॉगिन.

"मी अडुसष्ट मारलं होतं," परबबाई म्हणाल्या. "माझ्या बोटांना आठवतंय."

"बोटांना आठवून कसं चालेल, बाई? कागदावर आठ आहे."

परबबाईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "दळवी, प्रोग्रॅममध्ये काही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

एकच शब्द. माझ्या तोंडून आकडा किंवा उत्तर आलं की ते बरोबर असतं — ह्या ख्यातीचा इतका उपयोग मला आधी कधी झाला नव्हता. डॉक्टरबाईंनी पुढे एक प्रश्नही विचारला नाही.

परबबाईंना काढूनच टाकायचं चाललं होतं. तेव्हा मी बोललो. म्हणालो, काढू नका, इतकी वर्षं आहेत, वक्तशीर आहेत. आत घ्या, नळ्यांवर लेबलं लावायच्या कामाला. डॉक्टरबाईंनी ऐकलं. परबबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही. डोळे भरले होते त्यांचे. त्यांना वाटलं, ह्या खोलीत आपल्या बाजूने एक माणूस उभा राहिला.

त्याच दुपारी मी ती ओळ काढून टाकली. कर्सर आपोआप वयात नेणं बंद. घाटकोपरच्या मुलीला म्हणालो, थोडे दिवस माऊस वापर, मी काहीतरी सुधारणा करतोय. नंतर तीच सोय नीट करून लावली — माणसाने टाइप करायला सुरुवात केली असेल तर कर्सरला हात लावायचा नाही. दहा मिनिटांचं काम निघालं.

आणि पुढे काय झालं सांगू? चुका थांबल्या. एकही नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघा, परबबाई आत गेल्या आणि तक्रारच संपली." दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या होत्या, दिसायला तर तसंच दिसणार. माझी दुरुस्तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली. माझ्यासमोर. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखा खाली बघत राहिलो. बोरिवली आणि अंधेरीचं काम मला मिळालं.

इथपर्यंत हा नोकरीतला भित्रेपणा होता. इथे थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

दोनेक महिन्यांनी परबबाई माझ्या टेबलापाशी आल्या. दुपारच्या जेवणाची वेळ होती, आसपास कोणी नव्हतं. म्हणाल्या, "दळवी, जरा बघता? मी टाइप करते. माझी बोटं कुठे चुकतात ते सांगा." मी खुर्ची दिली. त्यांनी कुठल्याशा जुन्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. एकामागून एक वीस नोंदी केल्या. मी शेजारी उभा राहून बघितल्या. एकही चूक नाही. पण त्या आता प्रत्येक आकडा मारून मान वर करत होत्या, पडद्याकडे बघून खात्री करत होत्या. अकरा सेकंदांचं काम चाळीसवर गेलं होतं.

"सगळं बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग तेव्हा कसं झालं?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आईचं असंच सुरू झालेलं," त्या म्हणाल्या. "आधी तारखा गेल्या तिच्या. मग नावं. मग आम्ही. शेवटी माका विचारायची, तू खंयच्या गावची गो." परबबाई मालवणीत गेल्या म्हणजे मनातलं बोलत असायच्या. "असां कसां झालां, माकाच कळणा नाय. मी मारलंय काय आणि पडलां काय."

त्यांनी घाटकोपरला एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चित्रं ओळखायला सांगितली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. परबबाईंना पटलं नाही. आईचंही सुरुवातीला काही निघालं नव्हतं. घरी त्या रोज सकाळी पाढे म्हणायला लागल्या, चुकतात का बघायला. चुकत नव्हते. तरी रोज म्हणायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत. मी पण हसलो असेन.

आपल्याला आईचा आजार लागलाय असं एक बाई समजून चाललीय. का तसं समजतेय ते ह्या जगात मला एकट्याला ठाऊक. एक वाक्य बोलायचं होतं. पहिल्या दिवशी ते जड होतं, मान्य. पण दुसऱ्या महिन्यात? दुसऱ्या वर्षी? मी लॅब सोडली तेव्हा तर गमावण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी लॅब विकली, परबबाईही घरी बसल्या. तेव्हा तरी? भीती केव्हाच संपली होती. उरलं होतं ते एवढंच, की परबबाई मला चांगला माणूस समजत होत्या आणि मला ते हवं होतं.

दर वर्षी मे महिन्यात त्या गावाहून आल्या की आमच्याकडे पिशवी येते. कोकमं, कुळथाचं पीठ आणि घरी केलेला खाजा. "तुम्ही नसतात तर मी त्या दिवशी रस्त्यावर आले असते," असं दर वर्षी म्हणतात. माझी बायको भारावून जाते. एकदा म्हणाली, "किती लक्षात ठेवतात हो ह्या. तुम्ही असं केलंत तरी काय त्यांच्यासाठी?"

"काही नाही गं," मी म्हणालो. ह्या सगळ्या प्रकरणात मी स्वतःबद्दल बोललेलं तेवढं एक वाक्य खरं होतं. तिला तो माझा मोठेपणा वाटला. खाजा मी खातो. चांगला असतो.

गेल्या महिन्यात परबबाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या चाळीच्या जागी आता टॉवर झालाय, तिथल्या महिला मंडळाने बायकांसाठी कॉम्प्युटर टायपिंगचा वर्ग काढायचं ठरवलंय. घरकाम करणाऱ्या, चाळिशीतल्या बायका. काउंटरवरची नोकरी मिळाली तर हवी असलेल्या. शिकवायला मंडळाने परबबाईंना विचारलं होतं. जुन्या कोणाला तरी त्यांचा हात आठवत होता.

बायकोने चहा ठेवला. "घ्या की मग, विचार कसला करताय?" ती आतून म्हणाली.

"तसं नाही वहिनी. मशीनसमोर बसून आठ वर्षं झाली. आणि त्या प्रकारानंतर..." परबबाई माझ्याकडे वळल्या. "दळवी, तुम्ही सांगा. तुम्ही माझे हात बघितलेत. तुम्ही जा म्हणालात तर जाते."

त्यांच्या आवाजात हौस होती. मला स्पष्ट ऐकू आली. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि आता त्या मागत होत्या — जा, एवढा एक शब्द. खरं सांगायचंसुद्धा नव्हतं मला. नुसतं "जा, तुमच्यासारखं कोणाला येत नाही" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पण मी हिशेब केला. त्या पुन्हा मशीनसमोर बसणार. बोटं पूर्वीसारखी चालणार, आणि एकही चूक होणार नाही. मग त्यांना प्रश्न पडणार — मग तेव्हा कसं झालं? त्या मंडळात कॉम्प्युटर शिकलेली चार मुलं-मुली येणार-जाणार. परबबाई कधीतरी तो किस्सा सांगणार, अडुसष्टचे आठ झाल्याचा. आणि त्यातला कोणीतरी म्हणणार, अहो काकू, हे तर प्रोग्रॅमचं आहे. चहा यायच्या आत मी एवढं सगळं मोजून झालो होतो.

"बघा बाई," मी म्हणालो. "झेपेल तर करा. पण ह्या वयात उगाच ताण कशाला?"

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, चेहराही पडला नाही. जणू हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं आणि कोणीतरी भल्या माणसाने ते सांगायला हवं होतं. चहा प्यायल्या. बायकोशी गावच्या आंब्यांबद्दल बोलल्या. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं तुम्हाला विचारलं."

चार दिवसांनी फोन आला. मंडळाला नाही म्हणून कळवलं, असं सांगायला. "सुटल्यासारखं वाटलं, दळवी. बिचाऱ्या बायका विश्वासाने शिकायला येणार, आणि मी त्यांना चुकीचं वळण लावायचे."

मी हो म्हणालो.

परबबाईंच्या हातात कधीच काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या प्रोग्रॅममध्ये होता, तो मला सापडला होता, आणि मी तो त्यांच्या नावावर राहू दिला — तेव्हा एकदा, आणि गेल्या महिन्यात पुन्हा. वर्ग सुरू झाला आहे. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी. शिकवायला दुसऱ्या कोणी बाई आहेत.